खुराची तारीख

"हे कोणी काढलं?" ब्रिगेडियर घोरपड्यांनी विचारलं.

भिंतीवर सहा फूट रुंद कागदाचं चक्र लावलं होतं आणि ते त्याच्यासमोर हात पाठीशी बांधून चांगली पाच मिनिटं उभे होते. खोलीतले बाकीचे नऊ अधिकारी त्यांच्या पाठीकडे बघत होते. मेजर सोहनींनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, माझ्याकडे हात केला.

"मी काढलं, सर. मृणाल टिपणीस. संख्याशास्त्र."

"एकटीनं?"

"मोजलं यंत्रानं. काढलं मी एकटीनं."

"चार वर्षं मी या विषयावरचे अहवाल वाचतोय, मिस टिपणीस. एकेक अहवाल उशाला घेऊन झोपावं इतका जाड. आज पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं."

मेजर सोहनींची छाती दोन इंच फुगली. माझी किती फुगली ते मी सांगत नाही. ही १९८३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि फार हुशार होते. तशी मी आजही आहे, पण तेव्हा ते चारचौघांना कळावं याची मला घाई असायची.

पुण्याच्या कॅम्पातल्या एका दगडी इमारतीत आमचं कार्यालय होतं. त्याचं नाव सांगत नाही, तशी सही करून दिलेली आहे. तिकडे उत्तरेच्या डोंगरांत जिथं गाडी पोचत नाही, तिथल्या चौक्यांना रसद खेचरांच्या पाठीवरून जाते. प्रत्येक खेचराची दर महिन्याला एक ओळ लिहिली जाई. नंबर, वय, वजन, कुठल्या वाटेनं किती फेऱ्या, दुखणंखुपणं, मृत्यू. सहाशे खेचरं आणि अकरा वर्षं म्हणजे सत्तर-ऐंशी हजार ओळी. त्या आमच्याकडे पोत्यांतून आल्या, अगदी खरोखरच्या सुतळीनं शिवलेल्या पोत्यांतून. त्या पंच कार्डांवर चढवण्यात सहा महिने गेले. यंत्रानं त्यावरून दोनशे पानं छापून दिली आणि त्या दोनशे पानांवर पुन्हा नुसते आकडे. ते कोण वाचणार होतं? म्हणून मी चक्र काढलं.

घड्याळासारखं चक्र. बाराच्या जागी जानेवारी, सहाच्या जागी जुलै. प्रत्येक मेलेलं खेचर म्हणजे एक ठिपका, ज्या महिन्यात मेलं त्या महिन्याच्या घरात. चौक्यांना वाटा दोन: खालच्या, नदीकाठच्या वाटेवर मेलेलं निळं, वरच्या, डोंगरकड्याच्या वाटेवर मेलेलं तांबडं. बाहेरच्या कड्यावर त्या त्या महिन्यातल्या फेऱ्या, म्हणजे 'फेऱ्याच झाल्या नसतील तर खेचरं मरतील कशी' असं कोणी विचारलं तर उत्तर तयार. आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी बारीक निबानं त्या खेचराचा नंबर. सोहनी म्हणाले होते, "नंबर कशाला गं? कोण वाचणार आहे?" मी म्हटलं, ठिपका कोणाचा हे माहीत असल्याशिवाय मला तो काढता येत नाही. खरं कारण असं की मला माझ्या अक्षराचा फार अभिमान होता.

चक्र बोलत होतं ते अगदी साधं होतं. निळे ठिपके वर्षभर विखुरलेले, थंडीत जास्त. तांबडे ठिपके एकूण त्रेसष्ट, आणि ते सगळेच्या सगळे जून, जुलै, ऑगस्टमध्ये. चक्राच्या तळाशी तांबडा गठ्ठा, वर डिसेंबर ते मार्च कोरा करकरीत.

हे महत्त्वाचं अशासाठी, की त्या ऑगस्टच्या पुरात खालच्या वाटेवरचा पूल वाहून गेला होता आणि नवा पूल पुढच्या उन्हाळ्याआधी होणार नव्हता. वरच्या तीन चौक्यांचं करायचं काय? एक तर बर्फ पडायच्या आत निम्मी माणसं खाली आणायची, म्हणजे उरलेल्यांना साठा पुरेल. नाहीतर चौक्या भरलेल्या ठेवायच्या आणि हिवाळाभर वरच्या वाटेनं खेचरं चालवायची. एकशे चाळीस खेचरं, आणि प्रत्येकाचा दोर धरून चालणारा एक माणूस.

"म्हणजे हिवाळ्यात वरची वाट सुरक्षित," ब्रिगेडियर म्हणाले.

"फेऱ्या कमी आहेत सर, पण आहेत. अकरा हिवाळ्यांत चारशे बारा. मृत्यू शून्य."

"कारण?"

कारण माझ्या खिशातच होतं. "बर्फ गोठलेलं असतं. पाय पक्का बसतो. जूनमध्ये ते वितळायला लागतं, दरडी सुटतात, वाट निसरडी होते."

आता खरं सांगायचं तर मी तोपर्यंत बर्फ पाहिलं होतं ते फक्त रसवंतीगृहात. पण मी हे इतक्या ठणठणीत आवाजात सांगितलं की दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक कर्नल म्हणाले, "वरची माणसं मात्र हिवाळ्यात त्या वाटेचं नाव काढू देत नाहीत." त्यावर दुसरे म्हणाले, "थंडीत पांघरुणाबाहेर यायला कोणाला आवडतं?" सगळे हसले. मीही हसले.

"सोमवारी हुकमावर सही करतो," ब्रिगेडियर म्हणाले. "हे चक्र सोमवारीही इथं हवं."

ते शुक्रवार दुपारचे बारा होते. सगळे जेवायला गेले. चक्र उतरवायला मी आणि हवालदार बिरू कोळेकर एवढेच मागे राहिलो.

कोळेकर आमच्याकडे कागदपत्रं आणण्या-नेण्याचं काम करायचे. जत तालुक्यातले धनगर. बावीस वर्षं त्यांनी खेचरांबरोबर डोंगरात काढली होती. डाव्या पायाची बोटं हिमदंशानं गेली, तेव्हा त्यांना खाली आमच्याकडे पाठवलं. बोलायचे फार कमी. मी त्यांच्याशी 'हे आणा' आणि 'ते ठेवा' यापलीकडे कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

खालच्या टाचण्या काढायला ते गुडघ्यावर बसले आणि तिथंच थांबले.

"बाईसाहेब, ह्ये नंबर जनावरांचं हाईत?"

"हो."

"एक्केचाळीस सतरा." त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही माजी. चंद्री."

ठिपक्याला नाव असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "चांगली होती का?"

"लई खट हुती. पर ही हितं का टाकली तुमी?"

"कारण ती जुलैत मेली. नऊ जुलै, एकोणऐंशी."

"न्हाई." त्यांनी बोट उचललं नाही. कागदावरून तसंच सरकवत, अर्धं चक्र चढून ते अगदी वर नेलं आणि जानेवारीच्या कोऱ्या जागेत टेकवलं. "हितं. सतरा जानेवारी. म्या दोर सोडला तवा सकाळचं आट वाजलं हुतं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कोळेकर, तारीख सरकारी कागदावर आहे. मी मनानं लिहिलेली नाही."

"कागदावर हाय ती खुराची तारीख, बाईसाहेब."

"म्हणजे?"

ते उठून उभे राहिले आणि रंगरुटाला शिकवावं तसं सावकाश सांगू लागले. "खेचराच्या खुरावर डाग दिऊन नंबर घातलेला असतोय. जनावर मेलं की त्यो खूर कापून डेपोत जमा करायचा. खूर जमा झाला की मग मेल्याचा शिक्का. न्हाईतर कुनीबी जनावर इकंल आन सांगंल मेलं म्हनून."

"बरं."

"खालच्या वाटंवर पडलं तर नदीच्या काटाला पडतंय. त्याच दिशी खूर हातात. वरच्या वाटंवरनं गेलं की हजार फूट खाली, बर्फात. कोन उतरनार? बर्फ गेल्यावर, जून-जुलैत, दोर लावून मानसं उतरत्यात आन सालभराची खुरं गोळा करून आनत्यात. तवर जनावर कागदावर गैरहजर. चंद्रीचा खूर म्या सोता आनला."

मी चक्राकडे पाहिलं. तळाशी माझा तांबडा गठ्ठा होता. जुलैत तिथं कोणी मरत नव्हतं. जुलैत तिथं माणसं खुरं वेचायला उतरत होती.

"सगळीच अशी?" मी विचारलं.

"माजी तीन ठावं हाईत मला. बाकीच्यांचं कसं सांगू?"

मी तशीच मेजर सोहनींच्या खोलीत गेले. ते डबा उघडून बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"मृणाल, त्या खेचरांच्या तुकडीत कोळेकरचा भाचा आहे. माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"सिदू खरात. बहिणीचा एकुलता एक. सोमवारी सही झाली तर जानेवारीत वरच्या वाटेनं जाणाऱ्यांत तो असणार. कोळेकरला काय वाटतं हे मी त्याला न विचारता सांगू शकतो."

"तुमचं म्हणणं, ते खोटं बोलतायत?"

"माझं म्हणणं, तो मामा आहे." सोहनी वाईट माणूस नव्हते. "आणि 'शून्य' हा शब्द तू उच्चारलास. दहा माणसांसमोर. एका हवालदाराच्या तोंडी शब्दावर तू तो परत घेणार?"

मी रागानं लालबुंद होऊन बाहेर आले. कोळेकर जिन्यापाशी चक्राची गुंडाळी उभी धरून थांबले होते.

"भाचा आहे हे का नाही सांगितलंत?"

"आदी सांगितलं असतं तर तुमी भाचाच बगितला असता, बाईसाहेब. चंद्री बगितली नसती."

रागाचं काय करावं हे कळेना, कारण तो माझा मलाच आला होता. अकरा वर्षांच्या ऐंशी हजार ओळी मी चाळल्या, गाळल्या, मांडल्या. आणि 'मृत्यूची तारीख' या रकान्यात तारीख कोण, कधी आणि काय हातात आल्यावर लिहितं, एवढा एक प्रश्न कोणाला विचारला नाही.

"कोळेकर, मला कागद हवा," मी म्हटलं. "तुमचं बोलणं मला पटलंय, पण ते वर नेता येणार नाही. खेचर पडलं त्या दिवशी कुणीतरी काहीतरी लिहिलं असेलच की."

त्यांनी विचार केला. घाई कशाचीच नसल्यासारखा बराच वेळ केला.

"दान्याचा कागद चालंल?"

"कसला?"

"प्रत्येक जनावराला रोजचा दाना मिळतो. म्हैन्याच्या अखेरीला पत्रक जातं. कंच्या नंबरानं किती दिस खाल्ला."

"पण खेचर कागदावर जिवंत असतं ना? मग दाणा चालूच राहणार."

"मागितला तर मिळंल. कोन इचारतंय? पर आमच्यात उचलत न्हाईत." ते जरा कावरेबावरे झाले, घरातली गोष्ट बाहेर सांगावी तसे. "गेलेल्या जनावराचा घास हाय त्यो. कुनी शिवत न्हाई."

दाण्याची पत्रकं आमच्याकडे होती. चव्वेचाळीस गठ्ठे, तळघरात. ती पंच कार्डांवर चढवायची की नाही हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि यादीत त्यांच्यापुढे मीच वळणदार अक्षरात 'अनावश्यक' असं लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही तळघराचं कुलूप उघडलं. मी पहिल्यांदा काढला तो एकोणऐंशी सालचा जानेवारी. पत्रक पेन्सिलीनं लिहिलेलं, डाग पडलेलं. एक्केचाळीस सतरापुढे लिहिलं होतं: सोळा दिवस.

"सोळा," मी म्हटलं. "तुम्ही सतरा म्हणाला होता."

"सतराव्या दिशीचा दाना तिनं खाल्ला न्हाई. पल्याड पोचल्यावर द्यायचा हुता."

फेब्रुवारीच्या पत्रकात एक्केचाळीस सतराची ओळ कोरी होती. मार्चमध्येही. मी पुढचा नंबर वाचला.

दोन दिवस आम्ही तेच केलं. ते गठ्ठा सोडत, महिना काढत, बोटानं ओळ दाखवत, मी टिपून घेत असे. दुपारी त्यांनी आणलेली भाकरी आणि माझी पोळी अशी वाटून खाल्ली. मध्येच ते म्हणत, "ह्ये मुत्तूचं खेचर, डोळा अधू हुता," किंवा "ह्येनं मला लाथ घातली हुती," आणि पुढच्या नंबरावर जात. रविवारी चारला आम्ही संपवलं. त्रेसष्टपैकी दोन सापडले नाहीत, त्या गठ्ठ्यांना वाळवी लागली होती. तीन खरोखरच उन्हाळ्यात मेलेले निघाले. उरलेल्या अठ्ठावन्न खेचरांचा दाणा डिसेंबर ते मार्चमध्ये थांबला होता.

रविवारी संध्याकाळी मी चक्राच्या मापाचा ट्रेसिंग पेपर घेतला. जुन्या चक्राला हात लावला नाही. ज्यांचा दाणा हिवाळ्यात थांबला, त्या प्रत्येक तांबड्या ठिपक्यापासून एक कमान काढली. खाली खूर जमा झाला तिथून वर, दाणा थांबला त्या दिवसापर्यंत. अठ्ठावन्न कमानी.

सोमवारी दहाला तीच खोली, तेच अधिकारी. सोहनी मला दारात म्हणाले, "तुझी जबाबदारी." मी म्हटलं, "माझीच आहे." त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि मला आत जाऊ दिलं. पाठोपाठ कोळेकरही आले, कारण ट्रेसिंग पेपरचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंच होतं.

हुकूम टाइप होऊन टेबलावर ठेवलेला होता. ब्रिगेडियरनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"सर, सही करायच्या आधी दोन मिनिटं द्या. शुक्रवारी मी चुकीचं सांगितलं."

कोणीतरी खुर्ची सरकवली. ब्रिगेडियरनी टोपण परत लावलं नाही, पण पेन खाली ठेवलं.

मी भाषण केलं नाही. आम्ही दोघांनी ट्रेसिंग पेपर चक्रावर धरला आणि मी चार वाक्यांत सांगितलं, की तांबडा ठिपका म्हणजे खूर जमा झाला तो दिवस, कमानीचं वरचं टोक म्हणजे खेचराचा दाणा थांबला तो दिवस, आणि वरच्या वाटेवर या दोहोंच्या मध्ये चार ते सात महिने जातात.

ब्रिगेडियर उठून जवळ आले. त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि कमानीवरून वर वर नेलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तिसऱ्यानंतर त्यांना बोटाची गरज उरली नाही. डिसेंबर ते मार्चची जी जागा शुक्रवारी कोरी होती, तिथं आता कागद दिसत नव्हता.

"शून्य म्हणाला होतात तुम्ही."

"हो सर. अठ्ठावन्न. आणि हिवाळ्यातल्या फेऱ्या फक्त चारशे बारा."

"हे आधी का दिसलं नाही?"

"तारीख कशाची आहे हे मी विचारलं नाही. ते मला हवालदार कोळेकरांनी दाखवलं."

शुक्रवारी विनोद करणारे कर्नल म्हणाले, "याचा कोणी नातेवाईक आहे ना त्या तुकडीत?"

ब्रिगेडियर वळले. "आहे का?"

"व्हय साहेब. भनीचा पोरगा."

"म्हणून हे सगळं?"

"म्हनून बोट ठिवलं, साहेब." कोळेकरांचे हात कागदाला धरून वर होते, सलाम करता येत नव्हता, त्यामुळे ते नुसते ताठ झाले. "दान्याचं पत्रक भाच्यानं लिवल्यालं न्हाई. त्यो तवा साळंत हुता."

ब्रिगेडियरच्या चेहऱ्यावर काही हललं, पण ते हसले नाहीत. ते पुन्हा कागदाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"प्रत्येक खेचराचा दोर एका माणसाच्या हातात असतो, मिस टिपणीस. ती माणसं यात कुठं आहेत?"

मी कोळेकरांकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. दोन दिवस आम्ही एका टेबलावर भाकरी खाल्ली होती आणि मी त्यांना हे विचारलं नव्हतं.

"माणसांची नोंद दुसऱ्या कार्यालयात असते, सर. आमच्याकडे फक्त खेचरं. मी मागवली नाही."

"खेचर घसरलं की दोर सोडायचा असतोय, साहेब," कोळेकर म्हणाले. "तसा हुकूम हाय. समदी सोडत न्हाईत."

"का?"

"हाताला कळंस्तवर उशीर हुतो."

"त्यांच्या तारखा?" ब्रिगेडियरनी विचारलं.

"मानसाला खूर लागत न्हाई, साहेब. त्येची तार त्याच दिशी घरला जाते."

"तुम्हाला माहीत आहेत?"

"माज्या कंपनीतली सांगतो. बाकीची ठावं न्हाईत."

ब्रिगेडियरनी टेबलावरचं पेन उचलून माझ्याकडे दिलं. ज्या पेनानं सही व्हायची होती तेच. एका तरुण कॅप्टननं पुढे होऊन माझ्या हातातलं कागदाचं टोक धरलं.

"नायक मंगतराम," कोळेकर म्हणाले. "चौऱ्याहत्तर. अकरा फेब्रुवारी."

मी अकरा फेब्रुवारीला ठिपका दिला. काळी शाई ट्रेसिंग पेपरवर थोडी पसरली. तिथं आधीच एका कमानीचं टोक होतं.

"मुत्तुस्वामी. शहात्तर. वीस डिसेंबर. दलीप थापा. सत्त्याहत्तर, जानेवारीची तीस. तानाजी सरगर, माज्या शेजारच्या गावचा. एकोणऐंशी. सतरा जानेवारी."

माझा हात थांबला. ती चंद्रीची तारीख होती.

"माज्या म्होरं चालत हुता," कोळेकर म्हणाले. "त्येचं जनावर पयलं गेलं. म्या सोडला, त्येनं न्हाई सोडला."

मी ठिपका दिला. पाचवं नाव जगीरसिंगचं, ब्याऐंशीच्या मार्चमधलं. पाची ठिपके कमानींच्या टोकांवर बसले, एकही बाजूला पडला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी पुसलं नाही, कारण हातात पेन होतं.

"पुरे," ब्रिगेडियर म्हणाले. त्यांनी टाइप केलेला हुकूम उचलला, मधोमध दुमडला आणि सोहनींच्या हातात दिला. "निम्मी माणसं खाली आणा. बर्फ पडायच्या आत. पूल होईपर्यंत वरची वाट बंद." मग कोळेकरांकडे बघून म्हणाले, "हवालदार, हात खाली घ्या. दुखत असतील."

पुढच्या आठवड्यात मी त्या दुसऱ्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि माणसांच्या तारखा मागवल्या. त्या यायला तीन महिने लागले. वरच्या वाटेवरचे सगळे मिळून चौदा निघाले. ते मी सगळे काढले, नावांसकट, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत आकडे हातात आले की आधी ते लिहिणाऱ्या माणसाला शोधून काढायचं, मग पेन्सिल उचलायची, अशी सवय लावून घेतली. त्यापायी माझी बरीच कामं उशिरा झाली आणि मी बरीच बोलणी खाल्ली. एकदाही पस्तावले नाही.

एप्रिलात एक दिवस दुपारी दारात एक उंच पोरगेला जवान येऊन उभा राहिला. नाकाची साल निघालेली, हातात टोपी.

"मी सिदू खरात. मामा म्हनला, चक्र बगून ये."

मी त्याला भिंतीपाशी नेलं. कसं वाचायचं ते सांगितलं. तो मामासारखाच सावकाश होता. त्यानं खालून वर एकेक कमान बघितली, काळ्या ठिपक्यांशेजारची नावं ओठ हलवत वाचली.

"मी ह्यात कुटं हाय?"

"तू नाहीस यात."

"न्हाई, ते खरं. पर असतो तर?"

मी जानेवारीच्या घरात, दोन काळ्या ठिपक्यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "इथं कुठंतरी."

त्यानं माझं बोट बाजूला होऊ दिलं आणि तिथं स्वतःचा अंगठा टेकवला. मग अंगठा उचलून त्यानं खाली वाकून पाहिलं.

"हितं तर कायबी न्हाई," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "तिथं काही नाही."